पत्रांच्या बाई

१२ जानेवारी

धाकट्या,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे बाजूला ठेवशील आणि दोन दिवसांनी चोरून उघडशील. लहानपणी निकालाच्या दिवशी असंच करायचास. म्हणून कामाचं आधी लिहिते. बाबांचं हृदय दमलंय. हे डॉक्टरांचे शब्द, माझे नाहीत. औषधांवर उन्हाळ्यापर्यंत निभावेल म्हणतात, त्यापुढचं विचारलं की ते चष्मा पुसायला घेतात. डोळे तर मागच्या वर्षीच गेले. उजव्या डोळ्याला उजेड आणि अंधार एवढंच कळतं, डाव्याला तेही नाही. ते तुझी वाट बघतायत. ये.

एवढं वाचून पत्र फाडलंस तरी चालेल. बाकीचं मी माझ्या समाधानासाठी लिहिते आहे.

'या घरात पुन्हा पाऊल टाकू नकोस' असं मी तुला म्हटलं होतं. ते मी मागे घेतलेलं नाही. पण बाबांच्या खोलीला अंगणातून वेगळं दार आहे. तिथून ये, त्यांना भेट, तिथूनच जा. मी त्या वेळात बाजारात जाईन. तुला माझं तोंड बघावं लागणार नाही आणि मला तुझं.

मी अजून चिडलेली आहे असं तुला वाटत असेल, तर बरोबर वाटतंय. आई जाऊन वर्षही झालं नव्हतं आणि तू तिची पत्र्याची ट्रंक उचलून मास्तरांच्या मुलांच्या दारात उभा राहिलास. मास्तरांनी आईला लिहिलेली पत्रं आपल्याकडे, आईने मास्तरांना लिहिलेली त्यांच्याकडे. दोन्ही जोडली की झालं पुस्तक. एक नटी आणि तिचा दिग्दर्शक, पंचवीस वर्षांचा पत्रव्यवहार, संपादक म्हणून तुझं नाव. मी म्हटलं, अरे, हिचा नवरा अजून जिवंत आहे. तू म्हणालास, 'ताई, हा रंगभूमीचा इतिहास आहे.' इतिहासाला काय जातंय! त्याला कोणी चहा करून द्यावा लागत नाही, आणि चहा देताना त्याच्या तोंडाकडे बघावंही लागत नाही.

लोकांनी पुस्तक डोक्यावर घेतलं. आईने नाटकाबद्दल काय लिहिलंय ते दहा जणांनी वाचलं असेल, नवऱ्याबद्दल काय लिहिलंय ते सगळ्यांनी. 'आमच्या घरी एक माणूस आहे, तो जन्मभर विंगेत उभा राहून दुसऱ्यांची वाक्यं कुजबुजणार. मला त्याचा राग येत नाही, हीच अडचण आहे.' हे वाक्य वर्तमानपत्रात चौकटीत छापून आलं होतं. तो पेपर मी बाबांच्या हाती लागू दिला नाही. त्या दिवशी पेपर आलाच नाही, असं सांगितलं. तेव्हापासून मी हेच करत आले.

तुला माहीत नसेल, बाबा तेव्हा रोज संध्याकाळी जुन्या पुस्तकांच्या गल्लीत फिरायला जायचे. नवं पुस्तक घेणारा माणूस नव्हे तो. पण पुस्तक जुनं होऊन फुटपाथवर आलं की त्यांच्या हाती पडणार, हे मला दिसत होतं. म्हणून मी कार्यालय सुटलं की त्यांच्या आधी तिथे पोचायचे. दिसेल ती प्रत विकत घ्यायचे. आधी एखादी, मग महिन्याला दोन-तीन. एकच पुस्तक पुन्हा पुन्हा घेणारी बाई लोकांच्या डोळ्यांवर येते, म्हणून सोबत दुसरी घेऊ लागले: नाटककाराने नटाला लिहिलेली, नेपथ्यकाराने बायकोला दौऱ्यावरून लिहिलेली, दोन नट्यांनी एकमेकींना शिव्या घालायला लिहिलेली. नाटकवाल्यांनी पत्रं किती लिहावीत याला काही धरबंध नाही. आता गल्लीत मला 'पत्रांच्या बाई' म्हणतात. नवं काही आलं की दुकानदार माझ्यासाठी बाजूला काढून ठेवतो.

परवा आणखी एक प्रत मिळाली. पहिलीच आवृत्ती, कापडी बांधणी, पाठीवरची अक्षरं उडालेली. आत कोणीतरी 'सप्रेम भेट' लिहिलंय आणि घेणाऱ्याचं नाव खोडलंय. आईची घरगुती गाऱ्हाणी कोणाच्या कोणाच्या लग्नात भेट म्हणून गेली असतील, देव जाणे.

बाबा आत्ता झोपेतून उठले आणि 'कोणाला लिहितेस?' म्हणाले. पेनाचा आवाज ऐकू येतो त्यांना. मी म्हटलं, कार्यालयाचं काम आहे.

ये.

ताई


२० फेब्रुवारी

धाकट्या,

तुझं उत्तर नाही. मला त्याचं नवल वाटत नाही. पाणीपुरवठ्याच्या तक्रारखिडकीवर माझी उभी हयात गेली. लोक येतात, खिडकीवर हात आपटतात, मी नोंद घेते, काही होत नाही, महिन्याने तेच लोक पुन्हा येतात. आता मी त्यांच्या जागी उभी आहे, इतकंच. म्हणून पुन्हा येते.

बाबा या महिन्यात दोनदा पडले. एकदा न्हाणीघरात, एकदा पलंगावरून. पडले की ओरडत नाहीत. हळूच, एका सुरात 'अगं, पडलो' म्हणतात. जन्मभर प्रॉम्प्टिंग करताना प्रेक्षकांना ऐकू जाऊ नये म्हणून जपलेला आवाज तो, पडतानाही चढत नाही. मी स्वयंपाकघरात असले तर मला कळतही नाही.

तुझ्याबद्दल रोज विचारतात असं मी लिहिलं तर ते खोटं होईल. ते विचारत नाहीत. बाहेर फाटक वाजलं की बोलता बोलता थांबतात. मग पुन्हा बोलू लागतात.

आता दुसरं. माझ्या हातून एक घोटाळा झालाय आणि तो निस्तरणं फक्त तुझ्या हातात आहे. हस, पण वाच.

गल्लीतला तो दुकानदार, ज्याच्या खांद्यावर कायम धूळ पुसायचं फडकं असतं, त्याला आपण फडके म्हणू. गेल्या आठवड्यात मी गेले तर त्याने आईच्या पुस्तकाची किंमत तिप्पट सांगितली. मी म्हटलं, सोन्याचं पाणी दिलंय का? तर म्हणाला, 'बाई, माल कुठे आहे? शहरात प्रत दिसत नाही. आली की त्याच दिवशी उचलली जाते. कोणीतरी दर्दी आहे, सगळं गोळा करतोय.' मी म्हटलं, असेल. तो म्हणाला, 'प्रकाशकाचा माणूस आला होता विचारायला. मी सांगितलं, साहेब, या पुस्तकाला मरण नाही. जुन्या बाजारात असली मागणी मी तीस वर्षांत बघितली नाही. ते नवी आवृत्ती काढतायत.'

हे सांगताना तो इतका खूश होता की त्याने मला चहा पाजला. मी तो प्यायलेसुद्धा.

कळतंय ना? मी पुस्तक पुरायला निघाले होते, आणि त्याला पुन्हा जिवंत करून बसले. आपल्या पायावर धोंडा मारून घेणारे पुष्कळ असतात, मी तर धोंडा पदरचे पैसे मोजून आणला. माझ्या कपाटात त्या पुस्तकाचे दोन खण भरलेत. उघडलं की वाळवीच्या औषधाचा वास येतो आणि आई एकाच फोटोतून चाळीस वेळा माझ्याकडे बघते.

नव्या आवृत्तीला संपादकाची सही लागते, म्हणजे तुझी. ती देऊ नकोस. प्रकाशकाला एक ओळ लिही की माझी परवानगी नाही. बाबा असेपर्यंत थांबा म्हणावं. मग खुशाल दहा आवृत्त्या काढा. उन्हाळ्यानंतर मी आडवी येणार नाही.

तुला येता येत नसेल तर येऊ नकोस. पण ही एक ओळ लिही. उंटावरून शेळ्या हाकायची तुला सवय आहेच, एक शेळी आमच्यासाठी हाक.

ताई


१७ मार्च

धाकट्या,

प्रकाशकाकडे गेले होते. तिथल्या मुलीने गोड हसून सांगितलं की पुस्तक छापखान्यात गेलंय, संपादकांची सही आठवड्याभरात आली. म्हणजे तिकडे पत्रं पोचतात. उत्तरंही येतात. हे कळलं ते बरं झालं. मी उगाच टपाल खात्याला दोष देत होते.

इथे काय घडलं ते सांगते. शेवटपर्यंत वाच, कारण यात तू आहेस.

समोरच्या बिऱ्हाडातल्या बाईंनी बाबांना खिडकीतून आनंदाची बातमी दिली, 'तुमच्या मिसेसचं पुस्तक पुन्हा येतंय म्हणे!' मी कार्यालयातून आले तर बाबा उशीला टेकून बसलेले, केस विंचरलेले. म्हणाले, 'तुझ्या कपाटात आहे ना ते? वाच मला.'

मी कपाळाला हात लावला. कपाटात आहे हे कसं कळलं? तर म्हणाले, 'तू ते कपाट उघडतेस आणि बराच वेळ काहीच करत नाहीस. कपड्यांचं कपाट असतं तर काही काढलं असतंस.'

नाही म्हणायला तोंड राहिलं नाही. मी ठरवलं, वाचायचं आणि जिथे त्यांना लागेल तिथे उडी मारायची. आंधळ्या माणसासमोर वाचताना पान कोण बघतंय! विंगेतल्या माणसाबद्दलचं ते वाक्य मी सफाईने ओलांडलं. बाबांचा चेहरा तसाच होता. मला वाटलं, जमलं. तासभर वाचलं. आईचे दौरे, आईचा घसा, मास्तरांचा ताप, कुठल्याशा नाटकात पडदा अडकला ते. बाबा मधूनमधून हसत होते.

मग ते पान आलं. तुला कोणतं ते माहीत आहे, तू छापलंस. आई लिहिते, 'आज तालमीहून आल्यावर दोन्ही मुलांना समोर उभं केलं आणि कोणात काय आहे ते बघितलं.' एवढं वाचून मी पुढची ओळ गाळली आणि 'मुलगा मात्र दारातून येतो तो टाळ्या घेऊनच' इथून सुरू केलं.

बाबांनी हात वर केला. डोळे मिटलेले, ओठ हलतायत की नाही ते कळू नये असे, आणि त्या जुन्या सपाट आवाजात ते म्हणाले, 'मुलगी बापावर गेली आहे. ती खोलीत आली तरी खोली रिकामीच राहते.'

आणि थांबले. तू विंगेत त्यांच्या मांडीवर झोपायचास, तुला आठवत असेल. वाक्य दिलं की ते थांबतात. नटाने ते उचलेपर्यंत पुढचं देत नाहीत. मी गप्प बसले तर त्यांनी तेच वाक्य पुन्हा दिलं, थोडं स्पष्ट, जशी मी दुसऱ्या बाजूला उभी आहे आणि मला ऐकू गेलं नाही. मग मी म्हटलं ते. स्वतःच्या तोंडाने, मोठ्याने. 'मुलगी बापावर गेली आहे. ती खोलीत आली तरी खोली रिकामीच राहते.' त्यांनी मान हलवली, म्हणजे बरोबर, चल पुढे.

पुढे 'मुलगा मात्र दारातून येतो तो टाळ्या घेऊनच', आणि त्यापुढे तू तीन टिंबं दिली आहेस. ती तीन टिंबं मी इतकी वर्षं बघतेय. मला वाटायचं अक्षर लागलं नसेल. मी तिथे थांबले, तर बाबांनी तेही दिलं. 'पण त्याचं सगळं प्रवेशात आहे. शेवटच्या अंकाला तो थांबायचा नाही.'

माझी ओळ ठेवलीस आणि तुझी कापलीस. संपादक ना तू!

मी पुस्तक मिटलं आणि विचारलं, बाबा, हे तुम्हाला पाठ कसं?

'अगं, तालमीत वही धरतात तसं मीच धरायचो की,' ते म्हणाले. 'तिला बसून लिहिता यायचं नाही. खोलीत फेऱ्या मारत बोलायची, सगळं पत्र, पहिल्यापासून शेवटपर्यंत. दोनदा, तीनदा. मी तिच्या आधीच्या पत्राचा कच्चा खर्डा हातात घेऊन बसायचो. मागच्या वेळी लिहिलेलंच पुन्हा आलं की सांगायचो. मास्तरांना तेच ते वाचायला लागू नये. बसलं की मग लिहून काढायची.'

'सगळी पत्रं?'

'सगळी. मुलीच्या त्या वाक्याला मी म्हटलं होतं, 'रिकामी' जरा कडक वाटतं, 'शांत' म्हण. तिने ऐकलं नाही.'

'आणि विंगेतला माणूस?'

'ते तिने पहिल्या झटक्यात म्हटलं. बदलण्यासारखं काही नव्हतं.'

मी विचारलं, वाईट नाही वाटलं तुम्हाला? ते म्हणाले, 'धरणाऱ्याने वाक्याचं वाईट वाटून घेतलं तर पुढचं कोण देणार?' मी दिव्याचं बटण दाबलं, खिडकी लावली. तेव्हा म्हणाले, 'वाटलं गं. फार वाटलं.'

म्हणजे हे सगळं फुकट गेलं. फुटपाथवर त्यांच्या आधी पोचायला मी धावायचे, पाय सुजायचे. एक स्थळ आलं होतं ते मी याच भीतीने नाकारलं, की मी गेले तर बाबांजवळ कोण राहील आणि पुस्तक कोण अडवील. आणि ते तर ज्या दिवशी लिहिलं गेलं त्याच दिवसापासून त्यांना ठाऊक होतं.

आणि धाकट्या, हे मी फक्त तुला सांगते, कारण तू उत्तर देत नाहीस. मी बाबांसाठी अडवत नव्हते. जगाला तसं सांगितलं, स्वतःलाही. प्रत हातात आली की मी आधी ते पान उघडायचे. कोणी रेघ मारलीय का बघायचे. बहुतेकांनी मारलेली नसायची. माझ्याबद्दलच्या वाक्याला रेघ मारण्याइतकंही कोणाला काही वाटलं नव्हतं. एका वाचनालयातून काढून टाकलेल्या प्रतीत मात्र समासात पेन्सिलने लिहिलेलं होतं, 'बिचारी'. ती प्रत छातीशी धरून मी बसमध्ये रडले. कोणीतरी मला बघितलं होतं.

बाबा आता कमी जेवतात. दूध आणि पाव, तोही अर्धा. ये रे. अंगणातलं दारबीर सगळं विसर, पुढच्या दाराने ये. मी घरीच असेन.

ताई


११ एप्रिल

धाकट्या,

नवी आवृत्ती आली. पहिल्यांदाच मी ते पुस्तक नवं कोरं, छापील किमतीला घेतलं. फडके म्हणाला, 'बाई, तुम्ही आणि नवं?' मी म्हटलं, हौस.

तुझी प्रस्तावना आठ पानांची आहे. माझी तीन पत्रं गेली, त्यांना चार शब्द नाहीत. तिसऱ्या पानावर तू 'जुन्या बाजारात या ग्रंथाचा चिकाटीने पाठपुरावा करणाऱ्या अनाम रसिकांचे' आभार मानलेस. ते अनाम रसिक कार्यालयात डबा खात होते तेव्हा हे वाचलं. घास घशात अडकला. शेजारचा कारकून पाणी घेऊन धावला. टिंबं तिथेच आहेत, तेही बघितलं.

पण सहावं पान. सहाव्या पानावर तू बाबांबद्दल लिहिलंस, आणि मला तुझा राग धरून बसता येईना. 'माझ्या वडिलांना मी रंगमंचावर कधीच पाहिलं नाही, पण मला आठवणारं पहिलं नाटक त्यांच्या आवाजात आहे. विंगेत त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून मी झोपायचो. त्यांचा आवाज आधी यायचा आणि जग नंतर बोलायचं.' असं तुला लिहिता येतं. मग घरी का नाही लिहिता येत? परक्यांना सांगताना तुझी जीभ इतकी मोकळी कशी होते?

त्या पानावरून माझ्या डोक्यात आलं. बाबा आता दिवसाचे बरेच तास झोपतात. जागे असतात तेव्हा फाटकाकडे कान असतो. मी ठरवलं, हे पान तुझं पत्र म्हणून वाचायचं. 'माझ्या वडिलांना' च्या जागी 'बाबा, तुम्हाला'. 'त्यांच्या मांडीवर' च्या जागी 'तुमच्या मांडीवर'. दोन दिवस तक्रारखिडकीवर बसून मी ते घोकलं. एका माणसाने तीन वेळा सांगितलं की त्याच्या नळाला गढूळ पाणी येतंय, आणि मी त्याच्याकडे बघून म्हणत होते, 'तुमचा आवाज आधी यायचा.'

रविवारी सकाळी त्यांना पुसून काढलं, धुतलेला सदरा घातला, आणि म्हटलं, धाकट्याचं पत्र आलंय. बाबांनी दोन्ही हात पांघरुणावर सरळ ठेवले. मी वाचलं. चांगलं वाचलं. आईने ऐकलं असतं तर तिलाही खोट काढता आली नसती. वाचून झालं तेव्हा त्यांचा चेहरा इतका हलका झाला होता की मला वाटलं, देवा, हे एक तरी साधलं.

मग ते म्हणाले, 'छापील आहे.'

मी म्हटलं, काहीतरीच काय.

'हाताने लिहिलेलं वाचताना माणूस कुठेतरी अडतो, अगं. अक्षर लागत नाही, ओळ चुकते. तू एकदाही अडली नाहीस.' आणि माझा हात थोपटून म्हणाले, 'छान लिहिलंय. कोणाला लिहिलंय?'

मी खरं सांगितलं. प्रस्तावना आहे म्हटलं. ते 'असं असं' म्हणाले आणि भिंतीकडे वळले.

माझे हात टेकले. आता भांडत नाही, टोमणे मारत नाही, पाया पडते म्हण हवं तर. चार ओळी लिही. हाताने. काय लिहितोस ते महत्त्वाचं नाही, हवामान लिही. तुझं अक्षर लहानपणापासून कोंबडीचे पाय. तसंच काढ, त्याहून वाईट काढ. मला वाचताना अडायला हवं.

ताई


९ मे

धाकट्या,

बाबा मंगळवारी दुपारी गेले. सगळं उरकलंय. तुला तार करण्यासारखं काही उरलेलं नाही आणि आता येऊ नकोस.

तुझ्या चार ओळी आल्या नाहीत. मी पंधरा दिवस पोस्टमनच्या तोंडाकडे बघितलं. मग त्या मीच लिहिल्या. डाव्या हाताने, बोरूसारख्या फाटक्या पेनाने, तुझ्या नावाने. फार खोटं लिहायचं नव्हतं मला. तू येतोस असं लिहिलं तर ते वाट बघत राहतील, हे माझ्या लक्षात होतं. म्हणून लिहिलं की, बाबा, मी येऊ शकत नाही, इथे काम अडलंय, पण तुमची आठवण येते आणि मी ठीक आहे. वाट बघू नका, असंही लिहिलं. त्यांना सुटू द्यावं, एवढाच हेतू होता. मग तो कागद कपाटात पालथा घालून ठेवला आणि आठवडाभर बघितला नाही, म्हणजे मी विसरेन आणि अडेन.

अडले. नाटक करावं लागलं नाही. पहिल्याच ओळीत 'बाबा, मी ये' इथपर्यंत आले आणि पुढचं अक्षर खरंच लागेना. शाई फुटली होती. मी कागद खिडकीकडे धरला, डोळ्यांजवळ नेला. बाबा उशीवरून ऐकत होते, आणि मी अडलेली त्यांना कळली. त्यांचे ओठ हलले.

'येतो,' ते म्हणाले.

मी त्यांच्याकडे बघितलं. ते थांबले होते, मी वाक्य उचलण्याची वाट बघत. मला 'नाही' म्हणता आलं असतं. कागदावर दुसरंच होतं. पण त्यांनी दिलेलं वाक्य आजवर कोणी खाली पाडलेलं नव्हतं, आईने नाही, मास्तरांच्या मोठमोठ्या नटांनी नाही. मी म्हटलं, 'बाबा, मी येतो.'

'बरोबर,' ते म्हणाले. 'हे हाताने लिहिलेलं आहे.'

डॉक्टर त्या सकाळी म्हणून गेले होते की आता एखादा दिवस. बाबा त्यानंतर चार दिवस राहिले. दाढी करवून घेतली. पलंग दाराकडे तोंड करून लावायला लावला. दुखायचं तेव्हा डॉक्टर जे इंजेक्शन द्यायचे ते त्यांनी बंद केलं, कारण त्याने झोप लागते आणि तेवढ्यात तू आलास तर? मी हात जोडले, डॉक्टर रागावले, ते ऐकेनात. छाती भरून यायची, अंग घामाने निथळायचं, तोंडातून कण्हणंही निघत नव्हतं, आणि डोळे टक्क उघडे. फाटक वाजलं की 'आला?' दूधवाला, समोरच्या बाई, वारा. 'आला?' मी चार दिवस 'नाही, येईल' म्हणत होते. त्या चार दिवसांचं मी तुला काय सांगू? ते त्यांना माझ्या वाचण्यामुळे भोगावे लागले.

मंगळवारी जेवणाच्या वेळी त्यांना श्वास पुरेना. त्यांनी पुन्हा विचारलं, आवाज नव्हता, नुसते ओठ. मला सहन होईना. मी म्हटलं, हो बाबा, आला.

त्यांनी हात पुढे केला. मी तो धरला. त्यांनी माझी बोटं एकेक करून चाचपली, मग मनगट, मग पुन्हा बोटं. आणि सोडून दिला.

ताई